थांबलेली गाडी आईला चालत नसे

आमची गाडी आमच्याकडे आली तेव्हाच वापरलेली होती. ऑफिसातल्या एका साहेबांनी मोठी गाडी घेतली आणि त्यांची ही जुनी, छोटी, चंदेरी गाडी मी घेतली. मी, म्हणजे खरंच मी. नवरा गाडी चालवत नाही. रस्त्यावर आपलं डोकं ताळ्यावर राहणार नाही, असं तो स्वतःच सांगतो. मी चाळिशीत शिकले. आम्ही राहतो डिलाईल रोडला चाळीत, आणि आई गिरगावात एकटी. तिच्याकडे कधीही, कुणाला न विचारता जाता यावं, एवढ्याचसाठी गाडी हवी होती.

पहिली काही वर्षं गाडीने काही म्हणून त्रास दिला नाही. मग एकेक सुरू झालं. एसी आधी घरघरायला लागला, मग बंदच पडला. डाव्या खिडकीची काच हाताने ओढून वर घ्यावी लागे. पायाखालच्या मॅटखाली गंज निघाला. गॅरेजवाला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, आता काढून टाका." मी मान हलवायची आणि दुरुस्त करून घ्यायची. दर वेळी गाडी घेऊन निघताना कान इंजिनाकडेच असायचे. नवीन आवाज आला की वेग कमी करून ऐकत राहायची, आणि आवाज थांबला की वाटायचं, का थांबला?

त्याच सुमाराला आई विसरायला लागली. आधी चाव्या, मग माणसं, मग गॅस. तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्याकडे आणलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत टेबलाला बसून काम केलेली बाई, पण आमच्या खोलीत तिला बसवेना. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहायची. दिवसा तिच्याबरोबर सासूबाई असत. मी ऑफिसातून आले की त्या दारातच सांगायच्या, "ह्या काय बसूक तयार नाय गो. सकाळपासना दार उघड, दार उघड म्हणतत." त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, दमणूक असायची. तीच जास्त टोचायची.

एकदा आईला परळला डॉक्टरांकडे नेलं. गाडीत बसली, पट्टा लावला, गाडी सुरू झाली, आणि तिचे हात मांडीवर शांत पडले. इतक्या महिन्यांत मी ते हात असे पाहिले नव्हते. डॉक्टरांकडून निघाल्यावर मी घरी आलेच नाही. उगाच दादरपर्यंत गेले, वळून आले. तिने वाटेत दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचल्या. घराशी गाडी थांबवली तशी म्हणाली, "थांबलीस का? चल ना."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही निघू लागलो. लालबाग, परळ, दादर, वडाळा, शिवडी आणि परत. जायचं कुठेच नसायचं. फक्त गाडी थांबता कामा नये. सिग्नलला थांबले की आईचा हात दाराच्या कडीकडे जायचा.

"आलं का?"

"नाही गं, सिग्नल आहे."

"मग चल की."

हळूहळू मला सिग्नल लांबूनच वाचायची सवय लागली. लाल दिसला की वेग इतका कमी करायचा, की पोचेपर्यंत हिरवा व्हावा. मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. वाजवू देत. गर्दीच्या रस्त्यांवर फार थांबावं लागतं, म्हणून शिवडीच्या गोदामांकडचे रस्ते बरे वाटायला लागले. ट्रेलरची धूळ असते, पण सिग्नल कमी. ऑफिसात दुपार कलली की टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप दाबला जायचा, क्लच दाबावा तसा. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "पाय दुखतोय का?" मी हो म्हटलं.

नवऱ्याला हे पटत नव्हतं. "रोज कशाला? ती गाडी म्हातारी, तूही दमतेस. एखाद्या दिवशी मध्येच बंद पडेल." मला त्याचा राग यायचा, कारण तीच धास्ती मला होती.

आणि बंद पडलीच. मे महिन्यातली संध्याकाळ होती, ऊन अजून उतरलं नव्हतं. शिवडीच्या गोदामांमधल्या रस्त्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. आईला म्हटलं, "दोन मिनिटं बस हं, पाणी बघते." ती म्हणाली, "बघ." बॉनेट उघडला तर रेडिएटरचा पाइप फाटलेला, हिरवं पाणी खाली टपकत होतं. मी फडक्याने पाइप धरून पाहिला, चटका बसला. बॉनेट वर असल्यामुळे पुढची काच मला दिसत नव्हती. बाजूला होऊन पाहिलं तेव्हा डावं दार सताड उघडं होतं आणि सीट रिकामी.

रस्ता सरळ होता आणि तरी ती दिसत नव्हती. दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे, एकामागे एक, प्रत्येकाच्या मागे माणूस सहज झाकला जाईल असे. मी आधी एका बाजूला धावले, मग वाटलं ती दुसरीकडे गेली असेल, म्हणून उलटी धावले. एका ट्रेलरखाली वाकून पाहिलं. चहाच्या टपरीवर विचारलं, "एक म्हातारी बाई, निळी साडी?" कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला फोन केला, काय बोलले आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, "टॅक्सीने निघालो."

मी परत गाडीकडे वळले, आणि समोरून माझीच गाडी आली.

तीच चंदेरी, तशीच छोटी, डाव्या सीटवर निळ्या साडीतली आई, समोर बघत, हात मांडीवर. माझी गाडी तर इकडे बॉनेट उघडून उभी होती. क्षणभर मला काही म्हणजे काही समजेना. ती गाडी माझ्यासमोरून हळू पुढे गेली. मी मागे धावले, टपावर थाप मारली. गाडी थांबली.

चालवणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे असतील, शर्टाच्या खिशाला पेन. तिथल्याच एका गोदामात कारकून होते. सुटून बाहेर आले तर त्यांच्या गाडीत आई बसलेली. दार लॉक होत नाही, म्हणाले, बरेच दिवसांपासून.

"मी विचारलं, आजी, कुठे जायचंय? म्हणाल्या, चला. उतरा म्हटलं तर उतरेनात. गाडी चालू केली तशा शांत झाल्या. म्हटलं याच रस्त्यावर फेऱ्या मारू, कुणीतरी शोधत येईलच."

मी दार उघडून आईचा हात धरला. "आई, चल, आपल्या गाडीत."

तिने माझ्याकडे अनोळखी नजरेने नाही, चांगलं ओळखून पाहिलं. "तुझ्या गाडीला वास येतो," म्हणाली आणि परत समोर बघायला लागली.

नवरा आला तोवर त्या गृहस्थांनी अजून दोन फेऱ्या मारल्या. मग असं ठरलं की नवऱ्याने आमच्या गाडीपाशी थांबून गॅरेजवाल्याला बोलवायचं, आणि त्या गृहस्थांनी आम्हा दोघींना घरी सोडायचं. "वाटेतच आहे," ते म्हणाले. नसावं बहुतेक.

मी मागे बसले. आईच्या मागे बसून मी तिच्यासोबत कधीच कुठे गेले नव्हते. तिचा अंबाडा दिसत होता, सकाळी सासूबाईंनी बांधलेला, एका बाजूला कललेला. सिग्नल आला. गाडी थांबली. माझाच हात कडीवर गेला. आई मात्र त्या गृहस्थांशी बोलत होती, पूर्वी ऑफिसातल्या माणसांशी बोलायची त्या आवाजात.

"मुलगी चालवते माझी. छान चालवते."

"हो का?"

"पण तिला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून तसंच. म्हणून मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जाते. तिला तेवढंच बरं वाटतं."

ते गृहस्थ आरशातून माझ्याकडे बघून जरासे हसले. मला हसता आलं नाही. आधी राग आला, रोजचे ते हॉर्न आठवले, भाजलेली बोटं चुरचुरत होती. मग वाटलं, कदाचित ती चूक बोलत नाहीये. घरी दमून आल्यावर चहासुद्धा न पिता मी चावी उचलायची ती फक्त तिच्यासाठी? मला अजून सांगता येत नाही.

पाइप बदलला, पुढे क्लचही बदलला. आमच्या फेऱ्या पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत चालल्या. मग आईला जिना उतरवेना, आणि नंतर उठवेना. खाटेवर मात्र ती शांत पडून असायची. त्या शांततेची मला भीती वाटायची. फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. सासूबाई तिच्या उशाशी होत्या.

गाडीची नोंदणी नव्याने करायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "आता विकूया." मी विरोध केला नाही. वडाळ्याचं एक तरुण जोडपं बघायला आलं. दोघं चांगली होती. तिने चालकाच्या सीटवर बसून सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला फिरवला आणि विचारलं, "एक चक्कर मारू का?" मी म्हटलं, "नको. म्हणजे, मला द्यायचीच नाहीये." तिचा नवरा चिडला आणि त्याचं बरोबर होतं, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. माझा नवरा त्यांना समजावत वर चहाला घेऊन गेला. मी आरसा सरळ केला आणि निघाले. दुपारची वेळ, कुठे जायचं ठाऊक नव्हतं. भायखळ्याकडे वळले, मग लालबाग, मग करी रोडच्या पुलावरून परत.

आमच्या चाळीखाली रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. परतले तर त्या जागेत नवरा उभा होता, हात कमरेवर, एका टेम्पोवाल्याशी वाद घालत.

मी गाडी लावली. तो खिडकीशी वाकला.

"झालं फिरून?"

"आजचं झालं," मी म्हटलं.