खंडेनवमीचं जहाज

माझे यजमान सुतार. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आम्ही जळोचीला सासूजवळ राहायचो. बलुत्याच्या धान्यावर घर भागत नव्हतं. इंदापूरकडच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायला माणूस हवा होता आणि ती नोकरी आम्हाला हवीच होती. तिथल्या साहेबांचा भाऊ आरमारात होता. त्याच्या जहाजाचं चित्र आणि मापं देऊन साहेब म्हणाले, "हुबेहूब करून दे, मग बघू. रंग लावू नकोस, लाकूड दिसलं पाहिजे."

जहाज हातभर लांब झालं. तोफ एकही नाही. नुसत्या कोठ्या आणि माल उचलायच्या याऱ्या. लढाईच्या जहाजांना तेल, धान्य पोचवणारं ते.

"तोफ न्हाय तर कसलं आरमार?" सासू म्हणाली. "ही तर आपली बैलगाडी."

"व्हय आई. पर गाडीबिगर लढणारे खातील काय?" हे म्हणाले.

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारं धुऊन पुजतात. दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. नेमके त्याच संध्याकाळी साहेब पुण्याला जाताना जहाज नेणार होते. सकाळी हे ओढ्यावर आंघोळीला गेले, मी गोठ्यात होते. सासूनं करवत, रंधा, पटाशी धुतली आणि जहाज घंगाळात सोडलं. जहाजाला पाण्याचं काय भ्या, असा तिचा हिशेब. सगळे जोड सरसाचे, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या खळीचे. हे परत आले तेव्हा याऱ्या सुट्या तरंगत होत्या.

"आई, काय केलंस ह्ये!"

"बाकीच्यांना आंघोळ आन् त्याला न्हाय व्हय?"

जुना सरस खरवडायला पटाशी हवी. ती पाटावर, हळदकुंकू लावलेली. आळीत सगळे सुतारच, सगळ्यांची हत्यारं पाटावर. सासू पाटापुढं आडवी बसली. "हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

हे भिंतीला टेकून बसले. माणूस चांगला, पण आईपुढं मऊ. ऊन वर चढत होतं. मी सासूच्या खांद्यावरून हात घातला आणि पटाशी उचलली. धुण्यापुरतं सोडलं तर बाईनं हत्याराला शिवायचं नाही, त्यात तो दिवस.

"पाप मला लागू द्या. तुमी उठा."

सासू उठून ओसरीवर गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हे उठून जुना सरस खरवडायला लागले. मी चुलीवर सरस ढवळून दिला. जोड सुतळीनं आवळून उन्हात ठेवले. साहेबांची जीप दाराशी आली तेव्हा आम्ही गाठी सोडत होतो. शेवटची सुटली, तशी एक यारी किंचित कलली. आणि थांबली.

साहेबांनी जहाज फिरवून पाहिलं. "हे पिवळं काय?"

"हळद," मी म्हणाले. "आज खंडेनवमी हाय."

ते यांच्याकडे वळले. "दसरा झाला की कारखान्यावर ये."

आम्ही कारखान्याच्या चाळीत राहायला गेलो. सासू आली नाही. सणाला मी जळोचीला जायची, ती वाढेल ते जेवायची. माझ्या हातचं पाणी मात्र तिनं मरेपर्यंत घेतलं नाही.