चिनी-डच भेटी जुळवणारे काका

शॉमबर्ग गावातल्या हॉटेलांत आम्ही चिनी आणि डच कंपन्यांच्या भेटी जुळवून देतो. त्या ठरवणारे नागपूरचे काका म्हणजे माझ्या डोक्याला ताप आहेत. सगळी टेबलं लावून झाली की ते येतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "अगं, हे दोघं एकमेकांशी बोलणार काय? चेंज कर." मग नावांच्या पाट्या घेऊन मी हॉलभर धावते.

परवा एका डच पाहुण्याने चिनी बाईंचा पंप जेमतेम पाहिला, "आम्हाला उपयोग नाही," असं तोंडावर सांगितलं आणि तो उठून गेला. बाई नमुने आवरू लागल्या. काका सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि पंप हातात घेऊन प्रश्न विचारू लागले.

मी वैतागून त्यांच्यापाशी गेले. "काका, दारात पुढचे पाहुणे खोळंबलेत!"

"त्यांना कॉफी दे. यांची वेळ अजून संपली नाही."

थोड्या वेळाने बाईंची वेळही संपली. बाई आता हसत हसत दुसरा पंप उघडून दाखवत होत्या. माझा संताप होत होता, तरी भेट संपल्याची घंटा न वाजवता हातात धरून मी तशीच उभी राहिले.