बोटभर खाली

आमच्याकडे दोनच दारांची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. चिकूच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली, खताच्या गोण्यांच्या शेजारी ती उभी असते. पाहुणे आले की आधी तिच्याभोवती फिरतात, मग चपला काढून घरात येतात. तिचा लाल रंग आता विटकरी झालाय, पण उभी राहण्याची ऐट काही गेलेली नाही. आमचे हे तिला स्वतःच्या हाताने धुतात. घरातलं दुसरं काही त्यांनी कधी धुतलेलं मला आठवत नाही.

मुलं शिकायला बाहेर पडल्यापासून आमचा रविवार ठरलेला होता. सकाळी डहाणूहून निघायचं, रानशेतवरून चारोटीला जायचं, हायवेवर चहा-भजी खायची आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. मग माझ्या मणक्याची चकती सरकली, ऑपरेशन झालं आणि ते सगळं थांबलं. डॉक्टरांनी बसायला परवानगी दिली होती, धक्क्यांना नाही. आणि आमच्या गाडीत धक्क्यांचीच चंगळ होती. मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळत होता, स्प्रिंगा दमल्या होत्या, खड्डा मागे पडला तरी गाडी बराच वेळ डुलत राहायची. मला त्या डाव्या सीटवर परत बसायचं होतं. पण म्हातारपणी काय हे खूळ, असं कुणी म्हणेल म्हणून मी गप्प होते.

स्प्रिंगा आणि शॉक बदलायलाच हवे होते, त्यामुळे ह्यांचं जुनं स्वप्न उफाळून वर आलं. गाडी खाली बसवायची. रस्त्याला चिकटून चालणाऱ्या तसल्याच एका गाडीचा फोटो कित्येक वर्षं त्यांच्या फोनवर होता, जिथे इतरांच्या फोनवर बायकोचा असतो. वापीच्या गॅरेजवाल्याशी गुजरातीत तासन्‌तास बोलणी सुरू झाली. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि ऐकून ऐकून मलाही सगळं कळायला लागलं. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि शॉक त्या स्प्रिंगला आवरतो. गाडी जितकी खाली, तितकी चाकाला वर यायला जागा कमी. म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात खालून दणका बसतो. खाली आणि मऊ, दोन्ही पोटभर मिळत नाही, असं गॅरेजवाल्याने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. हे कोणत्या बाजूला झुकणार ते मला दिसतच होतं. मनातल्या मनात मी त्या सीटचा नाद सोडून दिला आणि दोन दिवस भांडी जरा जास्तच आपटली.

त्याच सुमारास घरात डागाळलेले चिकू येऊ लागले. पिकलेले, गोड, पण एका अंगाला दबून काळे पडलेले. आम्ही चिकूशेकवर चिकूशेक प्यायलो. फळं काढणाऱ्या बायकांनी टोपल्या आपटल्या असतील, असं समजून मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आम्ही तर कच्चाच चिकू उतरवतो, दगडासारखा, तो कसा दबेल? ते खरंच होतं.

एका दुपारी मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते, तेव्हा एक पिवळी गाडी फाटकातून आत आली. इतकी खाली बसवलेली की फाटकाच्या उंबऱ्याला तिचं पोट घासलं. ती ह्यांच्या गाडीवाल्या मित्रांपैकी कुणाची तरी होती, चालवत मात्र हे होते. आणि शेजारच्या सीटवर, पट्टा नीट लावून, पिकलेल्या चिकूंचा क्रेट बसलेला होता.

त्यांनी क्रेट उतरवला, ओट्यावर ठेवला आणि एकेक चिकू हातात घेऊन अंगठ्याने चाचपून बघायला लागले. जन्मभर ज्या अंगठ्याने फळ तयार झालं की नाही ते ओळखलं, तोच अंगठा. मग सगळं बाहेर आलं. ज्याची ज्याची गाडी खाली बसवलेली आहे, त्याची ती मागून घ्यायची, रानशेतच्या रस्त्यावर एक फेरी मारायची, आणि कोणत्या स्प्रिंगा, कोणते शॉक किती चिकू दबवतात ते बघायचं. हे सगळं माझ्या पाठीसाठी चाललं होतं.

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मी काय चिकू आहे? मला विचारायचं होतंत."

"तुला विचारून काय उपयोग?" ते मान खालीच ठेवून म्हणाले. "कळ आली तरी तू 'काही नाही' म्हणणार. चिकू खोटं बोलत नाही."

मी वाळत घालायचं तसंच टाकून आत गेले. इतक्या वर्षांत माझं कुणी इतकं अचूक वर्णन केलं नव्हतं. पिवळी गाडी अर्थातच नापास झाली.

शेवटी त्यांनी जे निवडलं, ते बघून मित्रांनी नाकं मुरडली. स्प्रिंगा गाडीला फक्त बोटभर खाली नेणाऱ्या. शॉक त्याच स्प्रिंगांना जुळणारे, चांगल्यातले, पण शांत स्वभावाचे. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून एकाने विचारलं म्हणे, की फरक कुठाय. हे नुसते हसले. मी त्यांना लोकांशी वाद घालताना पुष्कळदा पाहिलंय, पण त्या दिवशी ते ज्या समाधानाने गप्प बसले, त्याचं मला फार कौतुक वाटलं. फोनवरचा तो फोटोही नंतर दिसला नाही.

रविवारी मी गाडीत बसले. बसताना त्यांचा हात धरावा लागला, त्याला इलाज नव्हता. रानशेतच्या अलीकडे पहिला मोठा खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली आणि लगेच स्थिर झाली. इतकी सभ्य चाल त्या गाडीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. चारोटीला चहा झाला. मग हायवेला लागून त्यांनी गाडी तलासरीकडे घेतली. मी काही विचारलं नाही, कारण मला घरी जायचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी भात कापून झालेली शेतं मागे जात होती आणि मी अगदी उगाचच खूश होते.

तलासरीला त्यांनी परत फिरायला इंडिकेटर दिला. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असणार.

"वळू नका," मी म्हटलं. "खरंच काही दुखत नाहीये."

"माहितीये," ते म्हणाले. "निघाल्यापासून बघतोय. तू दाराची मूठ एकदाही धरली नाहीस."

त्यांनी इंडिकेटर बंद केला, पण गाडी पुढे न नेता रस्त्याच्या कडेला घेतली आणि फोन लावला. वापीचा कुणी माणूस संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. मी बसू शकले नाही तर ती विकून टाकायची, असं ते त्याच्याशी बोलून बसले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"ना भाई, हवे नथी वेचवी," आता विकायची नाही, असं ते त्याला गुजरातीत सांगत होते. "घरवाळी पाछी गाडीमां बेसवा लागी छे."