नर्सबाईंचं क्वार्टर

सेलूहून येताना हिंगणीच्या अलीकडे आमचं गाव. बसस्टॉपजवळ माझं किराणा दुकान आणि रस्त्यापलीकडे नर्सबाईंचं सरकारी क्वार्टर. कित्येक वर्षं ते बंदच होतं. छपरावरचे मातीचे कवेलू फुटलेले, छप्पर मधोमध खचलेलं, व्हरांड्यात माझ्याच चुलतभावानं रचून ठेवलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. नर्सबाई सेलूहून यायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत जायच्या. त्यानंतर कोणाला काही झालं तर ऑटो शोधत फिरायचं.

तेव्हा मी ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. शासनाचा निधी आला होता आणि आम्हा बहुतेकांना वेशीवर कमान बांधायची होती. शेजारच्या गावानं बांधली होती ना! सरपंचबाई नव्या होत्या, शेतकरी घरातल्या, सभेत कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कमान झाली तरी दुखणाईत माणसाले सेलूलेच न्या लागन ना, भाऊ? आपण क्वार्टर दुरुस्त करू."

"ते पडायले आलं ताई," मी म्हणालो. "काऊन पैसा पाण्यात घालता?"

सरपंचबाईंनी पाहणीला बोलावलेले इंजिनिअरही तेच म्हणाले. पाडा, नव्याचा प्रस्ताव पाठवा. नव्याला किती वर्षं लागतात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरपंचबाईंनी गावातल्या मिस्त्रीला सोबत आणलं होतं. त्याच्या हातातली हातोडी घेऊन त्यांनी भिंतीच्या फुगलेल्या प्लास्टरवर दोन घाव घातले. भला मोठा पोपडा खाली पडला. आत विटा कोरड्या, लालभडक.

"साहेब, भिंत बिमार नाई. वरून पाणी मुरून राह्यलं, म्हणून फुगली. छप्पर बदलवून द्या," सरपंचबाई म्हणाल्या.

इंजिनिअरांनी किल्लीनं विटांमधला जोड खरवडून पाहिला. दुसऱ्या खोलीत, मागच्या भिंतीवरही त्यांनी प्लास्टर काढायला लावलं. मग मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून छप्पर, दारं, संडास, वायरिंग असं सगळं लिहून घेतलं. पुढच्या सभेत कमानीऐवजी क्वार्टरचा ठराव मंजूर झाला.

काम सुरू व्हायच्या सकाळी पऱ्हाट्यांचा पहिला भारा सरपंचबाईंनी स्वतः डोक्यावर घेतला. ते पाहून माझा चुलतभाऊ धावत आला आणि बाकीचे भारे उचलू लागला. ठेकेदारानं छपरासाठी पातळ पत्र्याच्या टिना आणल्या, त्या सरपंचबाईंनी गाडीतून उतरूच दिल्या नाहीत. माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "तुमचं दुकान समोरच हाय भाऊ. नव्या प्लास्टरवर पाणी मारायचं तुम्ही पाहजा." विरोध करणाऱ्याच्या हाती त्यांनी पाइप दिला. पहिले दोन दिवस मी कुरकुरत पाणी मारलं. नंतर गिऱ्हाईक थांबवून जाऊ लागलो.

नर्सबाई घर पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी दाराची कडी आतून लावून पाहिली, मग न्हाणीतला नळ सोडला. "आईले घेऊन येईन," म्हणाल्या. महिन्याभरात सामान आलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईला शेतात साप चावला. तिला नर्सबाईंकडे आणलं तोवर शेवटची बस निघून गेली होती. नर्सबाई स्वयंपाक टाकून धावल्या. तिचा पाय हलू दिला नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तिच्याजवळ बसून थेट वर्ध्यापर्यंत गेल्या. बाई वाचली. आठवड्यानं घरी परतली तेव्हा सरपंचबाई तिच्या उंबऱ्यात बसून चहा पीत होत्या. आपण काही केलं असं त्यांच्या बोलण्यात कुठंच नव्हतं.

पुढच्या मासिक सभेत गुरांच्या दवाखान्याच्या मोडक्या खिडक्यांचा विषय निघाला. तो मी काढला होता.