पुरस्काराला टॉवेल-टोपी

शहरातल्या एका नाट्यसंस्थेचा तरुण रंगकर्मींसाठीचा पुरस्कार मला जाहीर झाला, तेव्हा कुरुंद्यात आमची हळद शिजत होती. वडिलांनी कढईखालचा जाळ सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "घे बक्षीस, अन् मंग थांब. पोरगी नाटकात हाय म्हणल्यावर सोयरिकीचे पाहुणे दारात येऊन राहिले न्हाईत."

मी थांबणार नाही म्हणाले. मग बरेच दिवस आमचं बोलणंच बंद. तरी कार्यक्रमाला ते आले. लेकीच्या सत्काराला बाप नाही म्हटल्यावर गाव काय म्हणेल!

सभागृहात माझं नाव पुकारलं. प्रमुख पाहुणे एक मोठे दिग्दर्शक होते. त्यांनी माझ्या हातात सन्मानचिन्ह दिलं आणि टाळ्या चालू असतानाच वडील पायऱ्या चढून मंचावर आले. कुणी बोलावलं नव्हतं. हातातल्या पिशवीत टॉवेल, टोपी, नारळ. आमच्याकडं कुणी आपला मान केला की त्याचाही मान केल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. त्यांना वाटलं, इथंही तसंच असणार.

सूत्रसंचालक माईकवरच म्हणाला, "अहो काका, हे लग्न नाही, पुरस्कार सोहळा आहे!"

सभागृह खो-खो हसलं. वडील टोपी हातात धरून तसेच उभे. त्यांचे कान लाल झाले होते.

माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या हातातला माईक ओढून घेतला. "हसायचं असंल तर माझ्या नाटकाला या, तिथं हसा. हा माझा बाप हाय. आमी मान फुकट घेत न्हाई. ही टोपी पाहुण्यांच्या डोक्यावर गेल्याबिगर मी हे चिन्ह घरी नेणार न्हाई."

मला जराही पश्चात्ताप झाला नाही, उलट फार बरं वाटलं. दिग्दर्शक पुढं आले आणि त्यांनी वडिलांसमोर डोकं वाकवलं.

परतीच्या एसटीत वसमत जवळ आलं. तेव्हा वडील म्हणाले, "एवढ्या लोकायसमोर बोलताना भेव न्हाई वाटलं?"

"न्हाई."

"मंग थांबायचं काहून?"

"तुमीच म्हणले व्हते, आबा."

"व्हय, म्हणलो व्हतो." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी करून खिशात घातली. "पुढच्या बारीला दोन टोप्या घेऊ. त्या माईकवाल्यालाबी एक घालतो."