बिनमाशांची किमची

अन्याय झाला तो माझ्या कोरियन ताईवर. २००६ साली, दिवाळीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारच्या चहाच्या वेळेला, लंडनच्या हॅरो भागातल्या एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात. करणारे सगळे आपलेच होते. लीड्सला शिकत असताना मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहायचे, तेव्हा एवढं शिकले की हे पहिल्या चार ओळींत सांगून टाकावं. नाहीतर वाचणारा 'दोन्ही बाजू असतात हो' म्हणायला मोकळा होतो.

आता ताई कोण ते सांगते.

मी बाराव्या वर्षी पुण्याहून हॅरोला आले. पुढे इथला पासपोर्ट मिळाला, डिग्री झाली, आणि काय करायचं ते कळेना म्हणून वर्षभर कोरियात इंग्रजी शिकवायला गेले. लहानसं शहर, औषधाच्या दुकानाच्या वर एक खासगी क्लास. शाळा सुटली की मुलं तिथे यायची आणि अंधार पडल्यावर घरी जायची. अर्जाबरोबर फोटो मागितला होता. शिकवायला फोटो कशाला, मी काय स्थळ म्हणून चाललेय का, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पोचले त्या दिवशी मालकाने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जन्म इंग्लंडमधला?"

"पुण्यातला."

"पण इंग्रजी इंग्लंडचं?"

"इंग्रजी हॅरोचं," मी म्हटलं. त्याला हॅरो माहीत नव्हतं, ते एक बरं झालं.

ताई तिथे व्याकरण शिकवायची. पहिल्याच दिवशी तिने मला तीन प्रश्न विचारले. वय किती, लग्न झालंय का, पगार किती ठरलाय. मला वाटलं, हिला मालकानेच पाठवलंय. म्हणून मी तिन्ही उत्तरं खोटी दिली आणि वय चांगलं आठ वर्षांनी वाढवून सांगितलं. त्यानंतर महिनाभर ही बाई मला दार उघडून धरत होती, दोन्ही हातांनी पेला भरून देत होती, आणि मी चमचा उचलल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नव्हती. माझा संशय वाढतच चालला. एवढी अदब कशासाठी? मग व्हिसाच्या कागदांवर तिने माझी खरी जन्मतारीख पाहिली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मूर्ख मुली, मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. तुला काय हाक मारायची हे ठरवायला वय विचारलं होतं." मोठ्या बहिणीला ते ओन्नी म्हणतात. मी तिला ताई म्हणायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण ताई हा शब्द तिने ठेवून घेतला.

वर्गाचं दार काचेचं होतं. पोरांच्या आया बाहेर उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या. माझं तोंड हलताना दिसायचं आणि त्यातून येणारं इंग्रजी अस्सल आहे की नाही, ते त्यांना बाहेरून ठरवायचं असायचं. एकीने मालकाकडे 'खरी इंग्रज' बाई मागितली. ताई बाहेर गेली, पाच मिनिटं बोलली आणि परत आली.

"काय म्हणालीस?"

"उद्यापासून तुम्हीच आत बसा आणि हिची चूक दाखवा, असं म्हटलं."

दोन आया खरंच येऊन बसल्या, आठवडाभर. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पिशवीभर फळं दिली. ती मी दोनदा धुऊन खाल्ली, कारण माझा त्यांच्यावर अजून विश्वास नव्हता.

खाण्याचं तर काही विचारू नका. मी शाकाहारी. तिथे 'मासे नाहीत' असं म्हणतात, आणि सूप उकळलेलं असतं सुक्या मासळीच्या पाण्यात. ताई प्रत्येक खानावळीत उठून थेट चुलीपाशी जायची, वाद घालायची, परत येऊन माझ्या वाडग्यात आधी स्वतःचा चमचा घालायची. चव घेतली की मान हलवायची, तेव्हा कुठे मी जेवायचे. थंडीच्या तोंडाला घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, घालतात, आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची-पापड होतात तशी. त्यात खारवलेली कोळंबी आणि माशांचं पाणी लागतंच. ताईच्या आईने सगळ्यांच्या आधी, घासलेल्या टोपात, माझ्यापुरती वेगळी घातली. तांदळाच्या पेजेत तिखट, लसूण, आलं, मुळा आणि मीठ. म्हातारी माझ्याकडे बघून हसली आणि ताईला काहीतरी म्हणाली. मला वाटलं, नावं ठेवतेय. ती म्हणत होती, पोरगी वाळलीय.

एवढं सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

२००६ च्या सप्टेंबरात ताईला लंडनमध्ये इंग्रजी शिक्षकांच्या वर्षभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला, जूनपर्यंत. तिच्या आईची एकच अट होती. बिनलग्नाची मुलगी परदेशात एकटी राहणार नाही, कुणाच्या तरी घरात, माणसांत राहील. नाहीतर जायचंच नाही. माझे आई-बाबा निवृत्त होऊन पुण्याला परतले होते आणि मी हॅरोजवळच रेनर्स लेनला एका खोलीत राहत होते. म्हणून मी आईच्या मैत्रिणीला, काकूंना विचारलं. त्यांचा मुलगा नोकरीसाठी ब्रॅकनेलला राहायला गेला होता, वरची खोली रिकामी होती.

"अगं, तुझी ताई म्हणजे आमचीच की," काकू म्हणाल्या. "फक्त मांस-मच्छी घरात नाही हं."

ताईने ते अक्षरशः पाळलं. बाहेर मासे खाऊन आली तर आधी दात घासायची, मग स्वयंपाकघरात जायची. दारात चपला काढायची, तेव्हा काकूंना फार कौतुक वाटायचं. काकांना वाकून नमस्कार करायची, तर काका संकोचून पेपरामागे जायचे. पण मला काकूंचे फोन यायला लागले होते.

"तिच्या कपाटात लाल पुडी आहे बघ एक. काय आहे गं त्यात?"

"तिखट."

"कसलं तिखट?"

"मिरचीचं, काकू."

"हं."

त्या 'हं'वर मी तेव्हाच बोट ठेवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण 'हं'विरुद्ध पत्रक कसं काढणार? आणि काकूंनी कपाट का उघडलं होतं, हेही विचारून ठेवते.

दिवाळीला काकूंनी ताईला स्टीलच्या डब्यात चिवडा दिला. ताईने मला विचारलं, "डबा परत कसा द्यायचा?" मी म्हटलं, "आपल्यात रिकामा देत नाहीत." ती म्हणाली, "आमच्यातही नाही." दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी एक रविवार आम्ही माझ्या खोलीत घालवला. चिनी कोबीला मीठ लावलं, पेज शिजवली, मुळा किसला. माशांच्या पाण्याची बाटली माझ्या दारातून आत आली नाही, कारण ती ताईने आणलीच नव्हती. डबा भरून तिने काकूंच्या हातात दिला.

"यात फिश?" काकूंनी विचारलं.

"नो फिश, काकू. तुमच्यासाठी वेगळी केलीय."

"नाइस, नाइस," काकू म्हणाल्या आणि डबा फ्रिजमध्ये मागे सरकवला.

त्या आठवड्यात मी दोनदा तिकडे गेले. दोन्ही वेळा डबा थोडा थोडा खाली गेलेला दिसला. काकू घरात नसताना काका आमटी-भाताबरोबर किमची खात होते. मला पाहून दचकले. "छान लागते गं. आपल्या मुळ्याच्या चटणीसारखी," हळूच म्हणाले. "हिला सांगू नकोस."

आता तो शनिवार. मंडळाच्या बायका काकूंकडे जमल्या होत्या, सहा-सात जणी. ताई लायब्ररीत होती. मी चहा टाकत होते, काका टेबलाशी पेपर घेऊन. एका मावशींना दूध हवं होतं, त्यांनी फ्रिज उघडला आणि पदर नाकाला लावला.

"काय वास आहे हा! काय ठेवलंयस गं आत?"

"आमच्या कोरियनबाईंचं आहे," काकू म्हणाल्या. माझ्या कानाला ते 'आमच्या' आणि 'बाईंचं' दोन्ही खटकलं.

मावशींनी डबा बाहेर काढला. आंबलेल्या किमचीत वायू साठतो. झाकण सैल केल्याबरोबर फुस्स झालं आणि सगळ्या जणी मागे सरकल्या.

"मेलं जिवंत आहे की काय आत," एक म्हणाली. हसल्या सगळ्या.

"मासे आहेत," मावशी म्हणाल्या. "मला कळतो वास. माझं माहेर रत्नागिरीचं."

"लसूण आहे, मावशी," मी म्हटलं. "मी स्वतः होते करताना. मासे नाहीत त्यात."

"तुला काय दाखवून घालणारेय ती?"

"चव घेऊन बघा मग."

"म्हणजे बाटायचं आणि मग कळायचं!"

मी काकांकडे पाहिलं. आठवडाभर खाल्लेला माणूस. एक वाक्य पुरलं असतं, 'मी खाल्लीय, मासे नाहीत'. काकांनी पेपराचं पान उलटलं. काकूंनी डबा उचलला, मागचं दार उघडून कचऱ्याच्या बिनमध्ये पालथा केला, आत येऊन गरम पाण्याने दोनदा घासला, आणि कपाटात ठेवून दिला. तेवढ्यात चहा उतू गेला, तर त्याबद्दल मलाच बोलणी.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अगं, मुलगा परत येतोय ब्रॅकनेलहून. खोली लागणार त्याला. तू सांग ना तिला, तुमचं चांगलं जमतं."

"मी नाही सांगणार. तुम्ही तिच्या तोंडावर सांगा."

त्यांनी सांगितलं. हसून, गरम पोहे समोर ठेवून. ताई बॅगा घेऊन माझ्या खोलीत आली. जमिनीवर गादी टाकली.

"माझा नाही विश्वास," मी म्हटलं. "मुलगाबिलगा कोणी येत नाहीये."

"तुझा कोणावरच नसतो. माझी आई तुला जेवायला घालत होती, तर तुला वाटत होतं ती नावं ठेवतेय."

मी तिला माझी उशी दिली. ती दर रविवारी आईला फोन करत होती. काकू बऱ्या आहेत, काका पेपर वाचतात, खोलीतून बाग दिसते. मी शेजारी बसून ऐकायचे. कोरियन मला फारसं येत नाही, पण 'काकू' कळायचं.

तीन आठवड्यांनी तिने पेअरची पेटी आणली. एकेक फळ कागदात गुंडाळलेलं, जाळीत बसवलेलं, तिच्याकडे मोठ्या माणसांना देतात तसं. "मुलगा आला असेल. काकूंना केवढा आनंद झाला असेल. रिकाम्या हाताने कसं भेटायचं?" मी नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही, म्हणून बरोबर गेले.

दार एका तरुणाने उघडलं. हातात तळलेल्या चिकनचा खोका, बोटं तेलकट.

"काकू देवळात गेल्यात," तो मराठीत म्हणाला. नागपूरचा होता, सॉफ्टवेअरमधला. "मी वर राहतो, भाड्याने. पंधरा दिवस झाले."

"आणि हे?" मी खोक्याकडे बोट दाखवलं.

"दार लावून खातो ना. काकूंना माहितीये. म्हणाल्या, तू आपलाच आहेस, खोलीच्या बाहेर आणू नकोस म्हणजे झालं."

ताईला मराठी कळत नव्हतं. तिने इंग्रजीत विचारलं, "तुम्हीच त्यांचे चिरंजीव ना?"

"नो नो," तो हसला. "आय ॲम द लॉजर."

 ताईने पेअरची पेटी दोन्ही हातांनी त्याला दिली आणि म्हणाली, काकूंना द्या. तो बिचारा तेलकट हात पँटला पुसत राहिला.

स्टेशनकडे जाताना तिने विचारलं, "खरं कारण काय होतं?"

"मासे. त्यांना वाटलं, मासे आहेत."

"पण मी सांगितलं होतं."

"हो."

"मग चव का नाही घेतली कोणी?"

"काकांनी घेतली होती. आठवडाभर खात होते."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही."

मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी आली, आम्ही बसलो.  रेनर्स लेनला उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी मी किती खानावळींत भांडले." मोजून दाखवत नव्हती. आठवत होती.

माझ्या खोलीत दुसऱ्या माणसाला परवानगी नव्हती, म्हणून ती आता दक्षिण लंडनमध्ये तिच्या लोकांच्या वस्तीत, एका अनोळखी घरात एकटी राहते. आईला अजून काकूंच्या बागेबद्दलच सांगते. ती जूनला परत जाईल, आणि जोवर कोणी काही बोलत नाही तोवर तिला हेच वाटत राहील की चूक तिच्या हातच्या किमचीत होती.

हे मंडळाच्या अंकासाठी लिहिलंय, म्हणजे त्या दुपारच्या सगळ्या जणी वाचतील, आणि पेपर बाजूला ठेवून काकाही. पत्ता माझ्याकडे आहे, मागा. जून उजाडायच्या आत जा तिच्याकडे. रिकाम्या हाताने नका जाऊ, आणि मुलाची गोष्ट पुन्हा सांगू नका. तिच्या दारात उभं राहून तोंडाने म्हणा, त्यात मासे नव्हते. आणि तुम्ही, जे तिथे नव्हतात आणि आत्ता 'आपल्याकडे असं नसतं' म्हणताय, तुमच्या घरातली वरची खोली रिकामी असेल तर मला या आठवड्यात कळवा. जूनपर्यंत तिला माणसांत राहायचंय.