शिडाच्या बोटीतली कापसाची गादी

माजलगावच्या मोंढ्यामागं दस्तगीर पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. पुढं पत्र्याची शेड, आत कापूस पिंजायचं मशीन. मशीन चालू झालं की गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या भुवया पांढऱ्या होतात. दस्तगीरच्या तर कायमच्याच. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, भुवया शंभराच्या.

गादी तयार झाली की ती लाकडी फळीवर टाकून तो तिच्यावर मूठ हाणायचा. धप्प! मग गिऱ्हाइकाकडं वळायचा. "लागलं का लाकूड?" गिऱ्हाइकानं "न्हाई" म्हणायचं असतं. ते म्हटलं की दस्तगीर निकाल दिल्यासारखा बोलायचा, "मग झोपा बिनघोर." आणि एखादं गिऱ्हाईक चुकून म्हणालंच, "चाचा, आता लोकं फोमची घेतेत," तर त्याचा आवाज सरळ नाकात जायचा. "फोम? फोम म्हंजे काय बे? हवाच की! हवेवर झोपायला तू काय फुगा हायस?"

धरणाकाठच्या केसरबाईंच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं झाली, तेवढ्या लग्नांच्या गाद्या दस्तगीरनं भरल्या. त्यांचा मुलगा बजरंग मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. बावीस वर्षं जगभर फिरून परत आला आणि त्यानं शेत घ्यायचं सोडून बोट घेतली. जुनी, शिडाची, कोकणातल्या एका खाडीत उभी असलेली. थंडीचे चार महिने तो आणि त्याची बायको सत्यशीला त्या बोटीतच राहणार, झोपणार, आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं कारवारपर्यंत जाणार. गावानं बरेच दिवस तोंडात बोट घातलं होतं.

दिवाळीच्या आधी बजरंग खाकी कागदाचे पाच कापलेले तुकडे घेऊन दुकानात आला. बोलायला लागला की अर्धा जहाजावर असायचा आणि अर्धा माजलगावात. "ओके चाचा. हे दोन तुकडे पुढच्या पलंगाचे. बोटीच्या नाकात असतो तो. डोक्याकडं रुंद, पायाकडं निमुळता."

दस्तगीरनं कागद उभा धरून बघितला. "पाय काय एकमेकाला बांधून झोपायचं का?"

"पायांना जागा लागतीच किती? बरं, हे दोन बाक. दिवसा बसायचं, रात्री झोपायचं. आणि हा मागचा. बिळासारखा हाय. आधी पाय घालायचे आणि सरकत आत जायचं."

चहा घेऊन आलेली सुरैया, दस्तगीरची बायको, तो अरुंद कागद बघून दारातच थांबली. "या अल्ला! झोपायची जागा हाय का कबर?"

"चाची, बोट चालू असताना सगळ्यात गाढ झोप ह्यातच लागते," बजरंग हसला. "शिडाची बोट सरळ न्हाई चालत. एका अंगावर कलती ती, तास न् तास. रुंद पलंगावर माणूस नुसता लोळतोय इकडून तिकडं. रुंद पलंग बंदरात उभं असताना बरा. चालत्या बोटीत खांदे बसतेल एवढाच पाहिजे. वरून बाजूला कापडाची झोळी दोरीनं बांधून घ्यायची. पडायची भीती न्हाई."

"पाळणाच की मग," दस्तगीर म्हणाला. त्याला ते पटलं. इथपर्यंत सगळं पटलं होतं.

मग बजरंगनं पिकअपमधून करड्या रंगाच्या टणक फोमच्या लाद्या उतरवल्या. "चाचा, तिथं कापूस चालत न्हाई. हा फोम पाणी पीत न्हाई. जाडी चार बोटं, जास्त नको. न्हाईतर उठताना टाळकं छताला लागतंय."

मोंढ्यातले दोन हमाल बाहेर तंबाखू मळत उभे होते. त्यांना एवढंच पुरलं. "चाचा, आता फोम पिंजा!" एक म्हणाला. दुसऱ्यानं लगेच दस्तगीरचा नाकातला आवाज काढला. "लागलं का लाकूड? न्हाई? मग बुडा बिनघोर!" बजरंगही हसला. दस्तगीर हसला नाही.

त्याची मुलगी नाजिया मात्र आनंदानं नुसती तरंगत होती. चोवीस वर्षांची पोरगी, घरात साड्यांना फॉल-पिको करायची, वर सोफ्यांच्या खोळी शिवायची. बजरंगनं खास कापड आणलं होतं, समुद्रावर टिकणारं. तिनं त्याच्या पाच खोळी शिवल्या. दुहेरी शिलाई, आतून पट्टी, चेन खालच्या अंगाला. बजरंगनं फोटो पाठवले, तर कोकणातून बोट सांभाळणाऱ्या सोलकरांचा निरोप आला, की शिलाई झकास, माझ्या आणखी तीन बोटींच्या खोळी हिच्याकडूनच. नाजियानं तो निरोप गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाचून दाखवला. काही जणींना दोनदा.

मग मावशीच्या पोरीच्या मंगनीला ती दोन दिवस सिरसाळ्याला गेली, आणि दुकानात दस्तगीर, पाच रिकाम्या खोळी आणि त्या करड्या लाद्या एवढंच उरलं.

त्यानं एका लादीवर मूठ मारली. आवाजच नाही. परत मारली. चपलेच्या तळव्यावर मारल्यासारखं वाटलं. केसरबाईंच्या घरची सून ह्याच्यावर झोपणार? आणि पाण्याचं काय एवढं? दस्तगीरनं समुद्र पाहिला नव्हता. त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. आणि भिजलेली गादी म्हणजे पोरानं रात्री ओली केलेली. ती सकाळी पत्र्यावर टाकायची, दुपारच्या जेवणापर्यंत खडखडीत. बीड जिल्ह्यात आजवर न वाळलेली वस्तू त्याच्या बघण्यात नव्हती. इथं विहिरी वाळतात, गादीचं काय!

त्यानं लाद्या माळ्यावर चढवल्या आणि चांगला लांब धाग्याचा कापूस पिंजायला घेतला. पातळ कापडाची आतली खोळ केली, कापूस ठासून भरला, दाभणानं टाके घालून गादी बरोबर चार बोटांवर आणली आणि नाजियाच्या खोळीत सारून चेन ओढली. पाचही गाद्या. हात लावून कुणाला कळलं नसतं. उचलून कळलं असतं.

आणि कळलंच. पिकअपमध्ये चढवताना बजरंग म्हणाला, "चाचा, जड लागतेत हो."

"तुमचा फोमच जड हाय, मालक," दस्तगीर म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मनात म्हणाला, एकदा झोपू द्या, मग सांगू. मग तेच म्हणतील, चाचा, काय गादी हाय!

जानेवारीच्या शेवटी पिकअप परत आली. बजरंगचं नाक उन्हानं सोललेलं होतं. मागं एकच गादी होती, ती बिळातली, अरुंद.

"आठ दिवसांत ओल धरली," तो नाजियाला सांगत होता. "बोटीत ओल वरून कमी आणि खालूनच जास्त येती. खाली गार पाणी, आत आपला श्वास. फळी घामेजून जाती. म्हणून तर पाणी न पिणारा फोम आणला होता. आणि खारं पाणी लागलेलं काय वाळतंय? उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा दमट. सत्यशीला शेवटी नुसत्या फळीवर झोपली. पाठ धरली तिची. मालवणवरूनच मागं फिरलो. चार गाद्या दोघादोघांनी उचलून धक्क्यावर सोडल्या."

"पण काका, खोळ..." नाजिया म्हणाली.

"सोलकर म्हणतेत शिलाईतून पाणी गेलं असंल. तुझी चूक न्हाई गं पोरी. समुद्राचं काम येगळं असतंय." हे तो इतक्या मायेनं बोलला की नाजियाचे डोळे भरले. तीन बोटींचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

दस्तगीर भुवयांतला कापूस वेचत उभा होता. नाजियानं चेनकडं हात नेला तसा तो पुढं झाला आणि त्यानं गादी ओढून घेतली. "राहू दे. घाण हाय. मी बघतो."

नाजियानं ऐकलं, पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. उरलेल्या कापडाची तिनं तशीच दुहेरी शिलाईची पिशवी शिवली, पाण्यानं भरली आणि शेडच्या लोखंडाला टांगली. खाली स्टूल टाकून बसली. अर्धा तास. तास. थेंब नाही.

"अब्बा, गळत न्हाई. मग पाणी गेलं कुठून?"

आता तरी बोलावं. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून बजरंगसारखंच वाक्य बाहेर पडलं. "समुद्राचं पाणी येगळं असतंय."

नाजियानं ते खरं धरलं. ती घरात गेली, मिठाची बरणी आणली आणि पिशवीत मूठ मूठ मीठ टाकायला लागली. आतून सुरैया ओरडली, "अगं ए, वरणात काय टाकू मी?" नाजियानं पिशवी ढवळली, परत टांगली, परत स्टुलावर बसली. हनुवटी तळहातावर, डोळे शिवणीवर.

दस्तगीरला तिकडं बघवेना. तो शिडी लावून माळ्यावर चढला. वर लाद्या तशाच होत्या. त्यानं खडूनं बिळातल्या पलंगाचं माप आखलं आणि सुरी लावली. फोम कुरकुर आवाज करत कापला जायला लागला. बेत साधा होता. कापूस काढून नाल्यात, फोम खोळीत, चेन बंद. मग ती गादी कुणीही उघडावी. सगळं बरोबर निघालं असतं. फक्त शिलाई वाईट निघाली असती.

खालून नाजियाचा आवाज आला. सिरसाळ्याच्या मावसबहिणीशी फोनवर बोलत होती. "हां गं, गळली म्हणे. लई हौस होती मला बोटीची." मग तिनं बजरंगचा आवाज काढला, "'तुझी चूक न्हाई गं पोरी, समुद्राचं काम येगळं असतंय.'" अगदी हुबेहूब, आणि स्वतःच हसली. ते हसणं दस्तगीरनं माळ्यावर बसून ऐकलं. "न्हाई गं. मोठं काम न्हाई घेत आता. आपलं फॉल-पिकोच बरं. हे खोळींचं मशीन देऊन टाकीन कुणाला तरी."

सुरी फोममध्ये तशीच उभी ठेवून तो खाली उतरला. शेवटच्या दोन पायऱ्यांना त्याला बराच वेळ लागला. त्यानं ती गादी ओढत तिच्यासमोर आणली, उलटी केली आणि चेन उघडली.

आधी वास आला. शेवाळाचा, कुजक्या माशाचा. मग दिसले त्याचेच टाके. त्यानं आतली खोळ टरकावली. कापूस काळानिळा पडला होता, गोळे झाले होते. नाजियानं फोन कानावरून खाली घेतला. तिनं गादीत हात घातला आणि ओली बोटं बाहेर काढून बघितली.

"फोम वर हाय," दस्तगीर म्हणाला. "मी... कापूस भरला."

"मी सिरसाळ्याला गेलते तवा?"

"हां."

तिनं टांगलेल्या पिशवीकडं बघितलं. "आणि मी इथं मीठ घालत बसले. तुमी बघत होतात." एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं दस्तगीरला वाटलं. ते काम सुरैयानं केलं. ती पदर खोचत बाहेर आली. "कावून केलं हो असं? कावून? पोरीचं नाव गेलं, त्या सत्यशीलेची पाठ गेली, आणि तुमी भुवया झटकीत उभे!"

"भिजली तर वाळंल म्हणलं," तो म्हणाला. हे बोलताना आपण किती लहान दिसतो आहोत ते त्याला कळत होतं.

"बजरंगकाकांना फोन लावा," नाजिया म्हणाली.

बजरंगनं सगळं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. "बरं" नंतर "चाचा" नव्हतं.

"आता सोलकरांना."

सोलकर मात्र मोकळा माणूस. आवाज खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक मारल्यासारखा. "काय सांगताव वो! कापूस? बोटीत?" मग तो तिकडं वळून ओरडला, "ऐका रे, माजलगावच्या चाचांनी बोटीत कापूस भरला!" पलीकडं चार-पाच जण खो खो हसले. कुणीतरी विचारलं, "सरकी काढली होती का?" त्यावर पुन्हा हसले. दस्तगीरनं फोन कानापासून लांब नेला नाही. हसणं थांबेपर्यंत तो धरून राहिला, आणि थांबल्यावर म्हणाला, "शिलाईतून पाणी गेलं न्हाई, साहेब. शिलाई माझ्या पोरीची हाय. त्याच शिलाईची पिशवी खारं पाणी भरून टांगली होती. गळली न्हाई. खोट माझी हाय."

"मग पोरीकडं द्या की फोन," सोलकर म्हणाला.

नाजियानं फोन घेतला. दस्तगीर बाजूला झाला. "जी. हो, चेन खालूनच. न्हाई, फोम मीच कापते. ते न्हाई कापणार." तिनं मापं कागदावर उतरवून घेतली. बापाकडं बघितलं नाही.

गल्लीत मात्र आधीच पसरलं होतं की नाजियाची शिलाई गळली. पार सिरसाळ्यापर्यंत गेलं होतं. त्यामुळं आता दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "चाचा, ते बोटीचं काय झालं म्हणे?"

परवा तो हमालच आला, नाकातला आवाज काढणारा. दस्तगीरनं हातातलं दाभण खाली ठेवलं, आत शिवणाच्या मशीनकडं एकदा बघितलं आणि हळूच सांगायला लागला, "काय न्हाई रे, कापूस मी भरला..."

आतलं मशीन थांबलं.

"मोठ्यानं, अब्बा. ऐकू येत न्हाई त्येंना."

दस्तगीरनं घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात.